कार्डावरचं वय

"रेशनकार्ड आन, मंग बंदूक धर."

मिरजगावात स्टँडमागे त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. येणाऱ्या प्रत्येक पोराला तो दारातच हे ऐकवायचा. बंदूक पडद्यावरची, कार्ड मात्र खरं लागायचं. त्यावर सोळा वर्षं दिसली तरच माणसं मारायचा खेळ. नाहीतर गुमान मोटारी पळवायच्या.

पोरं त्याला मामा म्हणत. मोठ्यांचा खेळ चालू असताना एखादं बारकं आत शिरलं, की मामा खांद्यावरचा टॉवेल टीव्हीवर टाकायचा. खेळणारा बोंबलायचा, "मामा, मेलो ना मी!"

"मर की. त्या बारक्याला कशाला दावायचं?"

तुम्हाला वाटेल, गावानं त्याचं कौतुक केलं असेल. छे! गावात मी होते ना, बचतगटाची अध्यक्ष. साठी उलटली होती, अक्कलदाढ यायची बाकी होती. चार बायका दिसल्या की माझं भाषण सुरू.

दुकान निघायच्या आधीच मी एक शहाणपणा करून ठेवला होता. लहान पोराला धान्य कमी मिळतं, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून कार्डावर नातवाचं वय तीन वर्षांनी वाढवून घेतलं. वर सुनेला म्हटलं, "शीक माझ्याकडनं."

नातू तेराचा झाला, अंगानं थोराड. एक दिवस "शाळेत मागितलंय" म्हणून त्यानं कार्ड नेलं. मी दिलं.

महिन्याभरात एका दुपारी सून किंचाळली. नातू सहा वर्षांच्या बहिणीच्या छातीवर बसून तिचा गळा दाबत होता. ओढून काढला, तर हसत म्हणाला, "आजी, अजून दोन लाईफ हायत तिच्या."

पोरीचे ओठ निळे पडले होते. ती वाचली. पण चार दिवस तोंडातून शब्द नाही.

मी बायका गोळा करून दुकानावर गेले. झालेलं ऐकून मामानं चालू खेळ बंद केला. हळूच म्हणाला, "मावशी, म्या कार्ड बघितलं हुतं. सोळा लिवलंय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वय मीच वाढवलं, एवढं बोलायचं होतं. पण अध्यक्षीणबाई ना मी! म्हणाले, "लबाड! कार्ड आमच्या कपाटातनं भायेर गेलंच न्हाई."

मामानं माझ्याकडे पाहिलं. वय कुणी वाढवलं, ते त्याला कळलं. तरी तो गप्पच राहिला. बायकांनी टीव्ही फोडले. पुढे पोरं बिघडवणारा म्हणून गावात कुणी त्याला पूर्वीसारखं वायरिंगचंही काम देईना. पंधरा दिवसांत बायकोपोरांना घेऊन तो निघून गेला. मला मात्र शाल मिळाली, नारळ मिळाला. आणि मी ते घेतलं.

नातू आता सतराचा आहे. खेळ मोबाईलवर, खोलीला आतून कडी. त्याच्या दारावरून जाताना बहिणीचा हात अजून गळ्याशी जातो.

गेल्या महिन्यात शिर्डीला गेले, तर आमच्या लॉजचा जिना मामा पुसत होता. केस पांढरे झालेले. सगळं कबूल करायचं ठरवून मी पुढे झाले. त्यानं ओळखलं, हात पुसले आणि माझ्याआधी तोच बोलला.

"मावशी, पोरगं कसंय ओ? सुधारलं का?"

"चांगलं हाय," मी म्हणाले. "शिकतंय."

"मंग झालं," म्हणत त्यानं बादली उचलली आणि तो वर गेला. जिना ओला होता. मी खालीच उभी राहिले.