पोट विचारणाऱ्या रत्नाक्का

संतपूरच्या रत्नाक्का नमस्काराला उत्तर म्हणून समोरच्याचं पोट विचारायच्या. ‘साफ झालं का?’ मग तो गिऱ्हाईक असो, व्याही असो, की बँकेचा साहेब. इंग्रजी शाळेत मी बाथरूमला जायची परवानगीसुद्धा कुजबुजत मागायला शिकले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी भरल्या दुकानात मला हे विचारलं, तेव्हा मी बुटांकडे बघत ‘येस’ म्हणाले.

दुकान बियाणं आणि फवारायच्या औषधांचं. खप सगळ्यात जास्त तणनाशकाचा. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहून, तणनाशकामुळे रानातल्या मधमाश्यांच्या पोटातल्या जिवाणूंचं काय होतं, ते तपासत होते. म्हणजे अक्कांच्या मालाविरुद्धचा पुरावा अक्कांच्याच छपराखाली गोळा करत होते. हे त्यांना सांगायचा धीर मला बरेच दिवस होईना.

सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. मागे डॉक्टरांच्या कडक गोळ्यांनी त्यांचा ताप गेला होता आणि जाताना पोटही घेऊन गेला होता. ‘म्हंजे माशी मरत न्हाई, तिच्या पोटातलं चांगलं तेवढं मरायलंय. माझ्यावानीच की,’ त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी माश्यांसाठी बांधावर वाटीभर दही ठेवून आल्या. मुंग्यांची चंगळ झाली.

तुलनेसाठी मला एक न फवारलेला बांध हवा होता. आसपास तसा मिळेना, म्हणून अक्कांनी स्वतःचा रस्त्याकडेचा बांध दिला. सोयाबीनच्या कडेला गुडघाभर गवत आणि रानफुलं माजली. तणनाशक विकणारीच्याच बांधावर तण! औषधात पाणी घालता काय अक्का, असं येणारा-जाणारा विचारू लागला आणि समोरच्या दुकानात जाऊ लागला. मला राहवेना. फवारून टाका, मी दुसरा बांध शोधते, असं मी म्हणाले.

‘तुझं पोट बिघडलंय का?’ अक्का एवढंच म्हणाल्या आणि बांध तसाच ठेवला.

दोन्हीकडच्या माश्या मिळाल्या. फवारलेल्या बांधांवरच्या माश्यांच्या पोटात चांगले जिवाणू बरेच कमी निघाले. हे मी अक्कांना सांगत होते तेव्हा शेजारचे काशिनाथअण्णा तणनाशक घ्यायला आले. अक्कांनी डबा दिला, पैसेही घेतले. संतबिंत त्या मुळीच नव्हत्या. फक्त म्हणाल्या, ‘शेतात मारा, बांधावर नको.’

‘कामून?’

‘माश्यांचं पोट बिघडायलंय.’

अण्णा खो खो हसले. ‘हसायलात कामून?’ अक्का म्हणाल्या. ‘तुमचं साफ झालं का आज?’ अण्णा डबा उचलून निघाले.

यंदा अक्का गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला. दुकान आता तोच बघतो. बांध मात्र तसाच ठेवलाय, म्हणाला. ‘पंप पाठीवर घेतला की माझंच पोट दुखायलंय, ताई.’

अशा वेळी काय बोलायचं ते मला इंग्रजीतच येतं. शेवटी मी विचारलं, ‘साफ झालं का?’

पलीकडून एक आवाज आला. बहुधा हसण्याचाच.