डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

माझ्या मुलीच्या हृदयाची एक झडप जन्मापासून गळकी आहे. ती दहा वर्षांची असताना तिला दर संध्याकाळी ताप यायला लागला. मी वहीत वेळ, आकडा, औषध असे तीन रकाने आखले आणि भरत गेले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पोहे खाताना तिच्या उजव्या हातातला चमचा पडला. तिने उचलला, तो पुन्हा पडला. बोलणंही जड झालं होतं. आम्ही मुलुंडहून तडक मोठं हॉस्पिटल गाठलं.

झडपेवर जंतू वाढले होते. तिथला एक कण सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला होता. शिवाय एका रक्तवाहिनीला फुगवटा आला होता. तो फुटला तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मी तेही लिहून घेतलं.

पण तपासणीला दिलेल्या रक्तात जंतू उगवेनात. जंतू कळल्याशिवाय नेमकं औषध ठरेना.

"आधी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," म्हणत मी वही पुढे केली.

"दिलंस ना, आई," मुलगी अडखळत म्हणाली. "गुलाबी गोळ्या. तीन दिवस."

दिल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेल्या गोळ्या बायका एकमेकींना विरजणासारख्या देतात. घरच्या डब्यातली गोळी म्हणजे औषध, असं मला वाटलंच नव्हतं. ताप उतरला, परत चढला, आणि मी विसरले.

डॉक्टर रागावले नाहीत. "म्हणजे जंतू दबलेत, मेले नाहीत. म्हणून उगवत नाहीत," म्हणाले आणि औषधं बदलली.

रागावली ती माझी बहीण. मनोरीहून जेवणाचा डबा घेऊन आली होती. "हिशेबाच्या वहीत तुझ्या लिंबंसुद्धा असतात गं, आणि या वहीत गोळी नाही?" मग मला बळेच जेवायला बसवलं.

सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं चालली. मुलीला पळायची, उड्या मारायची बंदी. रोज उठल्यावर मी तिला माझं बोट घट्ट दाबायला लावायची.

शेवटच्या स्कॅनमध्ये फुगवटा आकसलेला दिसला. घरी जायला परवानगी मिळाली. पलंगावर बसून ती उजवा हात लावून बुटाची नाडी बांधायला लागली. मी वाकले.

"थांब गं, होतंय."

नाडी बांधून होईपर्यंत लिफ्ट दोनदा येऊन गेली. तिसऱ्या खेपेला आम्ही उतरलो.