कांद्याच्या रानातली टोपी

पहाटे डोंगरावरून वारा उतरला तो उतरलाच. चेचेंगच्या पेठेत हिवाळ्यात हा वारा असा सुटतो, की रानात कांद्याची पात आडवी होते आणि माणसं भिंतीच्या कडेकडेनं चालतात. वर आभाळ मात्र घासल्या ताटासारखं, आणि ऊन डोळ्यांत घुसणारं. सू-चिननं न्याहारीच्या टपरीची ताडपत्री विटांखाली दाबली, तवा तापत ठेवला, सोयाच्या दुधाचं पातेलं चढवलं आणि अंड्याच्या पोळ्यांचं पीठ घोटायला घेतलं. चष्म्यावर वाफ धरली. तो पुसायला काढला की तिला समोरचं पातेलंही दिसत नसे. झाकण ती चाचपूनच शोधायची.

आमच्याकडे चष्म्याचा नंबर शेकड्यांत बोलतात, उणे तीनला तीनशे. भाजी निवडता निवडता बायका एकमेकींना विचारतात, थोरल्याचा किती झाला, तीनशे का? सू-चिनचा हजाराच्या पुढं गेलेला. शाळेत असताना तो दरवर्षी चढत गेला आणि घरचे दरवर्षी जाड भिंगं आणत गेले, बस्स. मग एके दिवशी तव्यासमोर उभी असताना डाव्या डोळ्यापुढं काळं पाणी चढत आल्यासारखं झालं. आतला पडदा फाटला होता. डॉक्टरांनी तो चिकटवला, पण त्या डोळ्याची एक बाजू गेली ती गेलीच. एवढ्या नंबरात डोळा ताणून लांबतो आणि पडदा पातळ होतो, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून पोरीचा, इ-आनचा, दुसरीत चष्म्याचा नंबर लागला तेव्हा सू-चिननं कंबर कसली. नंबर उतरवता येत नाही, पण त्याचा चढ मंदावता येतो, एवढं तिनं डॉक्टरांकडून काढून घेतलं होतं. रोज झोपताना डोळ्यांत थेंब घालायचे. शिवाय दिवसाउजेडी पोरीला घराबाहेर, उघड्यावर खेळू द्यायचं. थेंब तिनं एक दिवस चुकवले नाहीत. खेळणं तर शाळेत होतच होतं.

आणि तरी परवा नंबर चढला. डॉक्टर थेंबांचा जोर वाढवू म्हणाले, मग सहज विचारलं, पोरगी उन्हात खेळते ना? सू-चिन म्हणाली, खेळते की, शाळेत दर सुटीला. इ-आन मान खाली घालून बुटाच्या नाड्यांशी खेळत राहिली. आईला ते तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

कळलं ते आज. मास्तरांच्या न्याहारीच्या पिशव्या घेऊन ती शाळेत गेली, तेव्हा लहान सुटी चालली होती. मैदानात पोरांचा नुसता कालवा. त्यात इ-आन नाही. वर्गाच्या खिडकीला पडदे ओढलेले, आणि आत अंधुक उजेडात इ-आन आणि आणखी दोन पोरं गोष्टींच्या पुस्तकांत नाक खुपसून बसलेली. तिघंही थेंबवाली.

वर्गाच्या च्यू बाई मायेनंच बोलल्या. थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या राहतात, ऊन टोचतं, पोरं रडतात. म्हणून त्या अशा पोरांना सावलीत बसवतात, हाती पुस्तक देतात. आजीबाई स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या ना, की आमच्या नातीला बाहेर सोडू नका.

सू-चिनला आधी हसू आलं आणि मग कानशिलं तापली. ज्या डोळ्यांसाठी रोज थेंब घालायचे, तेच डोळे दिवसभर पडद्याआड पुस्तकाला चिकटवायचे. डोळ्यांची काळजी म्हणून.

"इ-आनच्या आई, उद्या तिच्या डोळ्यांना काही झालं तर जबाबदारी कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी. आज होतंय त्याची कोण घेतंय, ते सांगा."

बाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, नियमात बसेल तसं करा.

घरी आल्यावर सू-चिननं सासूची खुंटीवरची टोपी काढली. बांबूची, रुंद काठाची, वर फुलाफुलांचं कापड, गालांवरून खाली येऊन हनुवटीखाली बांधायचं. कांदे काढणाऱ्या बायकांची टोपी. डोळ्यांवर ऊन पडू देत नाही आणि वाऱ्याला दाद देत नाही. तिचं कापड उसवून ती पोरीच्या मापाचं बेतू लागली, तोच म्हातारी दारात.

"माझ्या नातीच्या डोक्यावर ही? कंबर मोडस्तवर कांदं उपटलं ते ह्याच्यापायी व्हय गं? माझ्या लेकानं बस हाकली, नातीनं खुर्चीवर बसावं म्हून?"

"बसेल की खुर्चीवर. पण कागद दिसायला नको का?"

"च्यष्मा हाय की. समद्या शिकलेल्यांना असतोय."

सू-चिननं उजवा डोळा तळव्यानं झाकला. "आई, असा झाकला की तुमचं अर्धंच तोंड दिसतं मला."

"तेवढंच बरं हाय तुझ्यासाठी," म्हातारी म्हणाली. पण दारातून हलली नाही. सून कात्री चालवत राहिली आणि सासू बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी टपरीवर गिऱ्हाईक उभं असताना सू-चिननं गॅस बारीक केला, आलेच म्हणून सांगितलं आणि शाळा गाठली. इ-आनच्या डोक्यावर टोपी बांधून तिला मैदानात ढकललं. पोरांना तर सणच. कांदेवाली मावशी आली, कांदे कसे दिले, असा गलका उठला. इ-आनचे डोळे भरून आले, आणि ते उन्हानं नव्हे.

च्यू बाई लगबगीनं आल्या. शाळेत शाळेचीच पिवळी टोपी चालते, गणवेश आहे.

"आत आहे पिवळी," सू-चिन म्हणाली. "ही तिच्यावर बांधलीय. वरून काय बांधायचं नाही, असं नियमात असेल तर दाखवा." बाई काठाखाली वाकून बघू लागल्या. खरंच, आत पिवळा काठ दिसत होता. सू-चिन मैदानाच्या कठड्यावर बसली. "आणि मी रोज इथंच बसणार. पोळ्या करपल्या तर करपू देत."

तेवढ्यात वारा आला आणि टोपी सुटली. सू-चिन शहरात वाढलेली, तिला कुठली ती गाठ माहीत. टोपी गडगडत फाटकाकडं गेली. तिथं म्हातारी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं टोपीवर पाय दिला, उचलली, झटकली आणि मैदानाच्या मधोमध चालत आली.

"ही काय गाठ म्हनायची? कांद्याच्या रानात अशी बांधली असतीस तर मुकादमानं हाकललं असतं." तिनं नातीची मान वर केली, कापड दोन्ही गालांवरून ओढलं, एक पीळ मागं, एक पुढं, आणि हनुवटीखाली गच्च आवळलं. "आता पळ. आन् कोन हसलं तर सांग, माझ्या आज्जीनं ह्या टोपीत घर बांधलंय."

इ-आन आधी चालली. मग पळाली. वारा टोपीला धडका देत राहिला, टोपी जागची हलली नाही. वर्गाच्या पडद्याआडून दुसरी दोन थेंबवाली पोरं बघत होती. म्हातारीचंही तिकडं लक्ष गेलं.

"त्यांच्या आयांस्नी सांग," ती सुनेला म्हणाली, "गाठ शिकवीन म्हनावं. फुकट."

पुढच्या तपासणीत काय निघेल, ते सू-चिनला माहीत नव्हतं. चढ मंदावेल म्हणतो, थांबेल म्हणत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मंदावेल तर मंदावेल. तिच्या वेळी कोणी तेवढंही मागितलं नव्हतं.

सुटी संपल्याची घंटा झाली. सू-चिन टपरीवर परतली, तेव्हा गिऱ्हाईक वैतागून निघून गेलेलं आणि तव्यावरची पोळी काळी ठिक्कर पडलेली. तिनं ती उलथण्यानं खरवडली, तव्यावर तेलाचं फडकं फिरवलं आणि पिठाचा नवा डाव टाकला.