रजेच्या शेवटच्या दिवशीची भजी

परवा सुनेनं कांद्याची भजी तळायला घेतली. तापल्या तेलातला ओव्याचा वास घरभर पसरला आणि माझं डोकं पुन्हा तडकलं.

लढाईचे दिवस होते. माझे वडील पलटणीतून रजेवर वडूजजवळच्या आमच्या गावी आले होते आणि त्या संध्याकाळच्या मोटारीनं परत निघायचे होते. दुपारपासून गावातली माणसं सोप्यात त्यांच्याभोवती बसलेली. आई चुलीपुढं भजी तळत होती. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. अख्ख्या रजेत तिला वडिलांशी धड बोलता आलं नव्हतं.

आजीनं पुन्हा पीठ कालवून पुढं ठेवलं. "आणिक एक घाणा काढ गं. माणसं बसल्यात."

आईनं कढई खाली उतरवली आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. पिठाच्या हातानंच पदर सावरत ती सोप्यात गेली.

"पोटं भरली असतील तर उठा आता," ती म्हणाली. "मोटार यायच्या आत मला माझ्या माणसाशी बोलायचं हाय."

माणसं उठून गेली. वडील आत येऊन विझल्या चुलीपुढं बसले. मी तेव्हा भेदरले होते. आता संताप येतो, दोन शब्दांसाठी तिला एवढं करावं लागलं याचा.

वडील लढाईतून परत आले नाहीत. "हिनं चूल इझवून धाडला त्याला," असं आजी मरेपर्यंत चारचौघांत म्हणत राहिली.

आई एकदाच बोलली. "इझवली म्हणून तेवढं तरी बोलणं झालं, आत्याबाई."