गवईचे तक्ते

परवा सुनेनं मला कॉम्प्युटरवर एक गंमत दाखवली. सूत्र एकदाच लिहायचं, बाजूला एक आकडे, वरती दुसरे आकडे, की मधले सगळे चौकोन आपोआप भरतात. "पाह्यलं का बाबा, एका मिनिटात तक्ता," ती म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात हे काम गवई करायचा. त्याले अर्धा दिवस लागे, पण तो चहा बी पाजे." तिनं विचारलं, गवई कोण? झालं. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. या किस्स्यांचं असंच आहे, एक काढला की बाकीचे दारात येऊन उभे राहतात. शेवटी ती म्हणाली, लिहूनच काढा. काढतो.

*

सत्तरच्या दशकात मंगरूळपीरला लहान तलावांची कामं पाहणारं आमचं ऑफिस होतं. मी ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईनं उतरवणारा. नामदेव शिपाई, आसेगावचा. आणि गवई हिशेब करणारा. त्याच्या टेबलावर हँडल फिरवायची एक लोखंडी मशीन होती. ती तो पोरीसारखी जपायचा, रोज पुसायचा.

एकदा साहेबांनी विचारलं, तलावात दहा फूट पाणी असलं तर एकूण साठा किती? गवई मशीन घेऊन बसला. दुपारी त्यानं साहेबांपुढं हातभर लांब तक्ता पसरला. एका बाजूला पाण्याची उंची, वरती तलावांची नावं, मधात साठा.

"गवई, मी एकच आकडा मागितला होता."

"हो साहेब. पण उद्या दुसरा मागसान."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी खरंच दुसरा मागितला. तेव्हापासून गवईला कोणी अडवलं नाही, आणि तो बिघडला तो तिथंच.

*

नामदेवच्या पुतणीचं लग्न ठरलं. पंगतीला किती पोळ्या लागतील, म्हणून नामदेव गवईला विचारायला गेला. मी त्याला म्हटलं होतं, आचाऱ्याला विचार. पण नाही.

गवईनं बाजूला पाहुण्यांची संख्या लिहिली, वरती जेवायला उशीर किती तास होईल ते लिहिलं, मधात पोळ्या. नामदेवनं तक्ता पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, रिठदच्या वऱ्हाड्यायचा तक्ता येगळा काढा. ते लोकं इमानदारीनं जेवतात."

गवईनं वेगळा काढला. लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या, आणि खरं सांगतो, शेवटच्या माणसाच्या ताटात शेवटची पोळी पडली. एक उरली नाही, एक कमी पडली नाही. गवई मांडवाच्या खांबाला टेकून उभा, चेहऱ्यावर राजाचं तेज. मग त्याच्या लक्षात आलं की आपण जेवलोच नाही.

आसेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या सुशीलाबाई इंगळे तिथंच वाढायला होत्या. त्यांनी घरून भाकर अन् पिठलं आणलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात तुमीच नाही."

गवई तिशीला टेकलेला माणूस. आईबाप लहानपणीच गेलेले, त्याच्यासाठी स्थळ पाहणारं कोणी नव्हतं, आणि त्यानंही कधी तो विषय काढला नव्हता. त्या दिवशी तो भाकर खाऊन आला आणि दोन दिवस त्याची मशीन चुकत होती. मशीन कसली चुकते, हाच चुकत होता. आम्हाला कळलं. बाईंना विचारायचं कसं, हे मात्र त्याला कळत नव्हतं.

*

आसेगावच्या तलावातली पाणी मोजायची पट्टी ऑफिसातून महिन्यातून एकदा जाऊन वाचली तरी चालायची. गवई दर आठवड्याला जायला लागला. सायकलनं. बरोबर शाळा सुटायच्या वेळेला तिथून जायचं, म्हणून त्यानं तक्ता केला. बाजूला समोरून येणारी हवा, वरती कॅरिअरवरचं ओझं, मधात मिनिटं.

मार्चअखेरीला ऑफिस सलग चालू होतं, तेव्हा एकदा तो घामानं निथळत परत आला.

"काय झालं गवई? उशीर झाला?"

"नाही. एका मिनिटाचा फरक पडला नाही."

"मग?"

"शाळेले कुलूप होतं. रविवार धरला नाही मी."

नामदेव इतका हसला की त्याच्या हातातला साहेबांचा चहा टेबलावरच्या नकाशावर सांडला. तो नकाशा मी पुन्हा उतरवला. मला दोघांचाही राग आला होता, आणि हसूही आवरत नव्हतं.

*

त्याच वर्षी ऐन मे महिन्यात आसेगावच्या तलावाचं पाणी वाढल्याची नोंद आली. तलावात उरलं होतं एक डबकं, आणि ते रोज दुपारी दोन बोटं वर चढत होतं. साहेबांनी गवईला बोलावलं. "हे काय आहे? आभाळात ढग नाही आणि पाणी चढतं?"

गवई दिवसभर डबक्याकाठी बसून आला. दुपारी गावच्या म्हशी पाण्यात बसायच्या, आणि तलावाचा चौकीदार रोजची पट्टी नेमकी तेव्हा वाचायचा. दुसरा कोणी असता तर चौकीदाराला सांगितलं असतं, बाबा सकाळी वाच. गवईनं तक्ता केला. बाजूला पट्टीवरचा आकडा, वरती बसलेल्या म्हशी, मधात खरं पाणी.

साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. आम्हाला वाटलं, आता फाडतात.

"गवई, म्हशीचं वगारू अर्धं धरलं का?"

"हो साहेब. खाली टीप हाय."

साहेबांनी सही केली.

*

आणि मग पावसाळ्याआधी गवईच्या बदलीचं पत्र आलं. नवी जागा ठरायची होती. रिठद किंवा कामरगाव, नाहीतर फार विनवण्या केल्या तर आसेगावच्या कामावरच. कोणती हवी ते गवईनं पंधरा दिवसांत कळवायचं होतं. गवईचं जेवण कमी झालं.

"इचारून टाका न भाऊ," नामदेव म्हणाला. "बाईचं लग्न दुसरीकडं ठरलं तर बसा मंग हँडल फिरवत."

"काय इचारू? मले बोलताच येत नाही तिच्यापुढं."

मी वैतागलो. म्हटलं, "मग जे येतं ते कर."

त्यानं तेच केलं. बाजूला तीन गावं, त्याच्या नोकरीची: आसेगाव, रिठद, कामरगाव. वरती तीच तीन गावं, बाईंच्या शाळेची. मधल्या चौकोनांत, एकाहून दुसऱ्या गावाला जायला किती वेळ लागतो ते. रेघा मी मारल्या, माझ्या सगळ्यात चांगल्या शाईनं. नऊ चौकोनांपैकी सहा त्यानं भरले. दोघांचं गाव एकच येत होतं, ते तीन मात्र कोरे ठेवले.

"हे काहून रिकामे?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "राहू दे. एका घरात राहू, असं बाईमाणसाले आपण कसं लिहावं."

पत्र नाही, मायना नाही, सही नाही. नुसता तक्ता. नामदेव तो शुक्रवारी आसेगावला घेऊन गेला. शनिवारी सकाळी आम्ही ऑफिसात कोणीच काम करत नव्हतो. साहेबसुद्धा दोनदा बाहेर येऊन, "नामदेव आला का?" असं विचारून गेले. गवई मशीन पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता.

साडेअकराला नामदेव आला आणि त्यानं कागदाची घडी टेबलावर ठेवली. गवईला उघडवेना, म्हणून मी उघडली.

आमचाच तक्ता होता. बाईंनी तो लाल शाईनं तपासला होता. सहा चौकोनांवर सहा बरोबरच्या खुणा. तीन कोऱ्या चौकोनांभोवती तीन गोल. वरच्या कोपऱ्यात, वहीवर देतात तसे, नऊपैकी सहा गुण. आणि खाली, सुंदर वळणदार अक्षरात:

"तीन गणितं सोडून दिली आहेत. रविवारी घरी येऊन पूर्ण करावीत. बाबा घरी असतील."