आजच्या सगळ्या लाथांचा नमस्कार

मामाचा फोन सहसा येत नाही. बोलायचं काम मामीचं आणि ऐकायचं मामाचं, अशी त्या घरातली वाटणी. त्यामुळे गेल्या महिन्यात सकाळी शाळेला निघताना मोबाईलवर मामाचं नाव दिसलं, तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे कळलं. "शुभे, मामी गेली गं," एवढंच म्हणाला. गिरणीचा पट्टा चढवता चढवता मामी खाली बसली ती उठलीच नाही. पुणतांब्याहून काष्टीला पोचेपर्यंत मी तीन गाड्या बदलल्या आणि वाटेत कुणाशी काय बोलले ते आज आठवत नाही. शाळेतल्या मुलींना मी धीटपणाचे धडे देत असते, पण त्या दिवशी कंडक्टरनं तिकीट विचारलं तर मला गावाचं नाव सांगता येईना...

काष्टीला मी अकरावीसाठी आले. आमच्या वस्तीपासून कॉलेज लांब, म्हणून आईनं मला तिच्या भावाकडे ठेवलं. मामा दुधाचा टेम्पो चालवायचा आणि नंदामामी घरालगतची पिठाची गिरण. मूलबाळ नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी झालेली ही बाई दिवसभर गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची आणि गिरण बंद झाली तरी तिचा आवाज काही खाली यायचा नाही. माझ्यावर मात्र तिनं कधी आवाज चढवला नाही. मी भाची. आमच्याकडे भाचीनं मामा-मामीच्या पाया पडायचं नसतं, उलट त्यांनीच तिच्या पाया पडायचं. दिवाळीत मी वाकले की मामी माझे हात वरच्या वर धरायची आणि म्हणायची, "पाप लावतीस व्हय मला?"

कॉलेजची वाट कॅनॉलच्या कडेनं, दोन्ही बाजूंना ऊस. तिथे एक मोटारसायकलवाला रोज सायकलच्या पुढेमागे करायचा. एक दिवस त्यानं ओढणी ओढली आणि मी सायकलसकट पडले. घरी येऊन मामीला सांगितलं की मला कॉलेज नको, मला घरी सोडा. वडिलांच्या कानावर गेलं असतं तर शिक्षण तिथंच संपलं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिनं माझ्या गुडघ्याला हळद लावली. मामा त्या माणसाला शोधायला चार दिवस हिंडला, पण तो सापडला नाही. पाचव्या दिवशी मामी मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेली. तिथे एक निवृत्त फौजी मुलींना कराटे शिकवायचे. मी एकटी जायला तयार नव्हते, म्हणून चाळिशीतली मामीही नाव घालून आली, मामाची ट्रॅकपँट घालून! गाव महिनाभर हसलं. आपण हसणाऱ्यांचं दळण जरा जाड काढतो, असं ती मला हळूच सांगायची.

जोडीदार म्हणून सरांनी आम्हां दोघींना समोरासमोर उभं केलं आणि घोडं अडलं. माझी लाथ मामीला लागली की मी लगेच वाकायचे. मोठ्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे हाडीमासी मुरलेलं. मी वाकले की मामी माझे हात धरायची. तिचा पाय मला लागला तर काय विचारता, भाचीला पाय लावला म्हणून तीच वाकायची आणि मी तिला उचलायचे. बाकीच्या मुली धडाधड लाथा मारायच्या आणि आमचं वाका-उठा चाललेलं. सर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, हे कराटे आहे, हळदीकुंकू नाही."

माझी खरी अडचण तीच होती, हे मला नंतर कळलं. डाव सगळे येत होते. पण पाय समोरच्याला टेकायच्या आधीच मी मनातून माफी मागत असे, त्यामुळे त्यात जोर कसला यायचा? तोड मामीनं काढली. एका सकाळी गच्चीवर सरावाला उभ्या राहिलो तेव्हा तिनं आधी मला हात जोडले आणि म्हणाली, "ह्यो आजच्या समद्या लाथांचा नमस्कार. आता मोजायचं न्हाई. तूबी कर, पर लांबूनच." मी लांबूनच हात जोडले. त्या दिवशी पहिल्यांदा माझी लाथ मामीच्या मांडीवर अशी बसली की ती मागच्या टाकीला जाऊन आपटली. मी रडायला लागले आणि ती खाली बसून मांडी चोळत म्हणत होती, "आसंच... आसंच."

पुढच्या उन्हाळ्याआधी तो मोटारसायकलवाला परत भेटला. उतरून त्यानं सायकलचं हँडल धरलं, मग माझं मनगट. मी मनगट सोडवलं आणि त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. तो रस्त्यावर बसला. आणि खरं सांगते, माझा हात आपोआप नमस्काराला खाली निघाला होता! मग आठवलं, आजचा नमस्कार सकाळीच झालाय. मी हात मागे घेतला, सायकल उचलली आणि कॉलेजला गेले. सगळे तास बसले.

संध्याकाळी मामीला सांगितलं. तिनं गिरण बंद केली. माझ्या पायाचा अंगठा सुजला होता. तिनं पाय मांडीवर घेतला, हळद लावली आणि काही कळायच्या आत त्यावर डोकं टेकवलं. मी पाय ओढायला लागले तर सोडेना. "भाची हायेस. माझा हक्क हाय," म्हणाली. माझ्या पायावर तिचे अश्रू पडत होते आणि तिच्या केसांतलं पीठ.

मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन पुणतांब्याला आले, ते सगळं त्या बाईमुळे. हे तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं थट्टेवारी नेलं असतं. ती गेली त्या दिवशी मी काष्टीला पोचले, तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. बायका एकेक पाया पडत होत्या. मी वाकले, तर शेजारच्या म्हातारीनं दंड धरला. "भाचीनं पडू न्हाई, पोरी. तिला लागतं ते." आणि मी मागे झाले. भर रस्त्यात माणसाला लाथ घालणारी मी, एका म्हातारीचा हात झटकू शकले नाही. तिला नेलं. याचा राग मला माझाच येतो, अजून येतो.

दहाव्याला गेले तेव्हा कपडे वाळत घालायला गच्चीवर चढले. फरशीवर पांढऱ्या ऑईलपेंटनं पावलांच्या दोन जोड्या रंगवलेल्या, समोरासमोर. मामीला कुठला पाय पुढे ते आठवायचं नाही, म्हणून तिनं तेव्हा आम्हां दोघींच्या पावलांभोवती रेघ ओढून घेतली होती. सतरा-अठरा वर्षांत ती कधीच पुसून जायला हवी होती. पण रंग ताजा होता. मामा मागून आला आणि म्हणाला, "दर दिवाळीला ती दोन्ही जोड्या नव्यानं काढायची. मी म्हणायचो, कशाला? तर म्हणायची, शुभी आली की हुभी ऱ्हाईल."

मी दर दिवाळीला यायचे. फराळ करायचे, मामा-मामीला भेटून निघायचे. गच्चीवर कधी गेलेच नाही, आणि तिनं एकदाही चल म्हटलं नाही...

मामा खाली गेला. मी माझ्या पावलांवर उभी राहिले. हात जोडले, लांबूनच. मग पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या पावलांवर डोकं टेकवलं. फरशी उन्हानं तापली होती. मी बराच वेळ तशीच राहिले आणि माझे हात कुणी धरले नाहीत.