दुबईला गेलेलं घर

बारावीनंतर मी पेणला इंटिरिअर डिझाइनच्या कोर्सला जायला लागले, तेव्हा रोह्यात आमच्या आळीत तो कोर्स म्हणजे काय हे कुणालाच धड कळत नव्हतं. वडील धाटावला एका कंपनीत होते. त्यांच्या शिफ्टमधल्या एकानं विचारलं, "म्हंजे पोरगी पडदे शिवनार काय?" वडील ठसक्यात म्हणाले, "नाय, घरं बनवनार." त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं.

सुरुवातीला घरांचा पत्ताच नव्हता, नुसतं स्केचिंग. सर आम्हाला पेणच्या एसटी स्टँडवर नेऊन बसवायचे आणि खोडरबर काढून घ्यायचे. मी एखादी बाई काढायला घ्यावी, डोकं आणि पाठ होईतो तिची गाडी लागायची आणि ती पिशव्या उचलून पळायची. मी रडकुंडीला येऊन सरांना कागद दाखवायची. ते म्हणायचे, "अर्धी तर अर्धी. दिसली तेवढी खरी. पुढची बघ." त्या स्टँडवरच्या अर्ध्या माणसांनी माझ्या वह्याच्या वह्या भरल्या.

घरांची छोटी मॉडेल करायला लागलो आणि मला माझी वाट सापडली. जाड पुठ्ठा, स्टीलची पट्टी, कटर. पुठ्ठा एका दमात कापायचा नसतो. हलक्या हातानं तीन-चारदा पातं फिरवायचं, मग कडा लोण्यासारखी सुटते. वाळक्या काटक्यांना हिरवा रंगवलेला स्पंज चिकटवला की झाडं होत. नागोठण्याच्या खड्ड्यांत एसटी उडायची तेव्हा मी मांडीवरचं मॉडेलचं खोकं असं धरायची की शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "अंडी हायत का गो?"

शेवटच्या वर्षी सरांनी सांगितलं, खरोखर बांधलं जाणार आहे अशा एखाद्या घराचं मॉडेल करून आणा. आमच्या शेजारी एक भाभी राहायच्या. नवरा दुबईला, इथं त्या, दोन मुली आणि सासरे. गावाबाहेर त्यांचं नवं घर व्हायचं होतं, नकाशा तयार होता. मी तो मागितला. भाभींनी कपाटातून काढून दिला आणि हसल्या. "ने गो. सगले बघतात नि मान हलवतात. मी पन हलवते. मला तर नुसत्या निळ्या रेघा दिसतात."

मॉडेल झालं तशी मी ते आधी त्यांच्याकडे नेलं. वरचा स्लॅब उचलता येईल असा ठेवला होता. भाभी ओट्यावरचं काम टाकून आल्या आणि खाली बसून आत बघत राहिल्या. मग दोन बोटं घेऊन दारातून आत शिरल्या. बोटं बैठकीच्या खोलीतून चालत स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा गेली.

"दुसरी वाट नाय?"

"नाही भाभी. हाच रस्ता."

"मग बैठकीत पावने बसले का मी आतच कोंडले. विहिरीवर जायचं तर त्यांच्यामधून?"

मी कटर काढला आणि स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीत एक दार कापलं. भाभींची बोटं त्या दारातून बाहेर आली, अंगणात जरा थांबली. त्या इतक्या खुलून हसल्या की मुली धावत आल्या.

पण सासऱ्यांनी ऐकलं नाही. नकाशा मुलानं पसंत केलाय, आता बदल नको म्हणाले. भाभींनी टेलिफोन बूथवरून नवऱ्याला सांगून पाहिलं. एवढ्या लांबून दार आणि भिंत समजावणार कशी? तेवढ्यात कळलं, त्यांचा आतेभाऊ त्याच आठवड्यात दुबईला निघालाय. भाभी आमच्या दारात आल्या. नुसत्या माझ्या खोक्याकडे बघत उभ्या राहिल्या.

सोमवारी ते मॉडेल वर्गात द्यायचं होतं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तुझं तू ठरव गो." मी खोकं भाभींच्या हातात दिलं.

सोमवारी सरांनी विचारलं, "मॉडेल कुठंय?"

"सर, दुबईला गेलं."

वर्ग फुटला हसून. सरांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. "छान केलंस," म्हणाले. "आता दुसरं कर. उशिराचे मार्क मात्र कापणार." कापलेही.

मधे बरेच दिवस गेले. मग एका रविवारी भाभी ओल्या हातांनीच आमच्याकडे आल्या. नवऱ्यानं सासऱ्यांना फोनवर सांगितलं होतं, दार ठेवायचं. घर त्या दारासकट उभं राहिलं.

भाभींचे मिस्टर, म्हणजे आमचे भाई, सुट्टीवर आले ते थेट मला भेटायला. मी घाबरून विचारलं, मॉडेल मोडलं का? ते म्हणाले, "नाय गो. तिकडंच ठेवलंय. खोलीत आम्ही सगले आपल्याच बाजूचे. रोज कामावरून आलो का कोनतरी स्लॅब उघडून बघतो. हा इथं झोपनार, तो तिथं बसनार. घर माझा, नि भांडतात ते!" असं म्हणून त्यांनी पिशवीतून घड्या घातलेले दोन नकाशे काढले. त्यांच्या खोलीतल्या दोघांनी दिले होते, एक खांब गावचा, एक नागोठण्याचा. त्यांनाही आपापलं घर उघडून बघायचं होतं.

वडील नुकतेच शिफ्टवरून आले होते. ते नकाशे त्यांनी जेवणाच्या पाटावर पसरले, चष्मा लावला आणि मला म्हणाले, "ह्यातलं दार कुठलं नि खिडकी कुठली, मला सांग बघू."